गरम हवेचा पाईप

वहिनी,

बाबांच्या खोलीतला पोर्टेबल एसी बंद पडला तर घाबरू नका, टाकी भरलेली असेल. खालचं बूच काढून पाणी बादलीत सोडा, बूच घट्ट लावा आणि पुन्हा चालू करा.

गरम हवेचा पाईप आज मागच्या बाजूला वळवलाय. इतके दिवस तो तुमच्या खिडकीखाली होता. स्वतःला मेकॅनिक म्हणवतो, आणि एवढं डोक्यात आलं नाही! पाईप काढताना तुमच्या खिडकीच्या फटींत कोंबलेले टॉवेल दिसले. म्हणजे तुम्हाला कळलं होतं, आणि बाबांना झोप लागतेय म्हणून तुम्ही गप्प राहिलात.

तोंड दाखवायची लाज वाटतेय, म्हणून तुम्ही उठायच्या आत निघालो. एकदाच म्हणाला होतात, "भावजी, खोलीत फार उकडतं हो." आणि मी म्हणालो, "वहिनी, जरा सोसायला शिका."