पांढरीवरचे पाहुणे

कोन्या, तुर्कस्तान
१८ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास,

धाकट्या भावाचा, रामकिसनचा, शि. सा. न. वि. वि. बसमध्ये बसून गुडघे आखडलेत, तेव्हा साष्टांगातलं जेवढं जमलं तेवढं गोड मानून घे.

फोनवर तुला ऐकू येत न्हाई आन कानातलं मशीन तू बांगड्यांच्या डब्यात ठेवून देती, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो तुझ्या नातवाच्या, भारतच्या मोबाईलवर धाडून राह्यलो. तूबी तसंच धाड.

आम्ही दोघं मजेत आहोत. वंदनाला इथली भाकर आवडली, पण जिथं जावं तिथं नाक तुटलेले देव पाहून ती कंटाळली. काल मला इचारत होती की यांच्यात एकबी धड न्हाई का. बसमधले बाकी सगळे पुण्या-मुंबईचे, शिकलेले. एक निवृत्त जज्जसाहेब आहेत, ते प्रत्येक जुन्या जागी आधी सावली शोधतात, झोपतात आन उठल्यावर सगळ्यांच्या आधी वा म्हणतात. एक जोडपं दगडाकडं पाठ करूनच उभं ऱ्हातं, कारण फोटोत त्यांचं तोंड आलं पाहिजे. सगळ्यांच्या पुढं लाल छत्री घेऊन डॉक्टर भावना मॅडम. औषधाच्या डॉक्टर न्हाईत, जुन्या खापरांच्या. पुण्यात मोठं नाव आहे. छत्री खाली केली की आपण ऐकायचं, वर केली की चालायचं. माझ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या कारखान्यातली माणसं माझं इतकं ऐकत न्हाईत.

काल एका लई नावाजलेल्या ठिकाणी नेलं. नऊ हजार वर्षांमागचं गाव म्हणे. वर शेड, खाली माती, आन भोवती आम्ही सगळे देवळात आल्यासारखे गप. मी खाली वाकून पाहिलं आन मला हसू आलं. राखेचा थर, त्यावर पांढऱ्या मातीचा, मंग जळका, पुन्हा राख. आक्का, तुझ्या घरामागचा कडा पावसानं ढासळलाय, तो हुबेहूब असाच दिसतो. आपली पांढर, जुन्या गावाचा तो उंचवटा, जिथं तुझं घर आहे आन तू शेळ्या बांधती, तिची ही सख्खी बहीण निघाली. फरक इतकाच की हिला तिकीट आहे.

मी मॅडमला मोबाईलवरचा तुझा फोटो दाखवला. त्या कड्यापुढं तू शेळीला पाला टाकून राह्यली, तो. त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला, आधी शेळीला बाजूला सारलं, मंग तुला सारलं, आन मागच्या कड्याकडं पाहतच राह्यल्या. मंग सगळ्यांसमोर माझी ओळख करून दिली की हे आमचे उद्योजक मित्र रामकिसनराव, यांच्या बहिणीच्या अंगणातच प्राचीन वसाहत आहे. जज्जसाहेब जागे झाले. डिसेंबरात त्या अख्खी बस घेऊन आपल्या पांढरीवर येणार. मी शब्द देऊन बसलो. तुला काही करायचं न्हाई, फक्त चहाचं बघ.

इकडं रातची थंडी आहे, तिकडं तुझी माया आहे. तीत खंड पडू देऊ नको.

तुझा,
रामकिसन


टेंभुर्णी
२४ सप्टेंबर २०२४

चि. रामकिसन यास,

आक्काचे अनेक आशीर्वाद. वंदनालाबी सांग. नवऱ्याचं नाक धड आहे तोवर देवांची काळजी करू नको म्हणावं.

तुझं पत्र वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. घर माझं, कडा माझा, शेळी माझी, आन शब्द तुझा. ल्हानपणीबी दुसऱ्याच्या ताटातला लाडू तूच वाटायचा.

आसराबाई तुला ठाऊक आहे. मेंढ्या घेऊन रानोरान फिरणारं घर, आता आपल्या शेजारी पक्कं ऱ्हातं. तिच्या माहेरी असेच शिकलेले पाहुणे आल्ते. ताक प्याले, वा वा केली, गेले. दुसऱ्या साली सरकारची निळी पाटी आली, ही जागा संरक्षित म्हणून. तेव्हापासून तिच्या भावाला न्हाणीची भिंतबी बांधता आली न्हाई. कचेरीत गेला की सांगतात, परवानगी वरून येईल. वरून आजपर्यंत फक्त पाऊस आला.

आन माझी अडचण तुला सांगायला पाहिजे असं न्हाई, तरी सांगते, कारण तुर्कस्तानात माणूस विसरत असंल. मागची भिंत पडली तिथं मला दोन खोल्या पाहिजेत, वर स्लॅब. भारतची सोयरीक मंठ्याला जमलीय. पोरीचा, प्रांजलीचा, बाप म्हणतो, आधी पक्क्या खोल्या दाखवा, मंग तारीख धरू. त्याचं चुकत न्हाई, मीबी माझी पोर पडक्या भिंतीत दिली नसती. पोरगी गुणाची आहे. भारत तिच्याशी फोनवर बोलतानाबी शर्टाची कॉलर नीट करतो. संक्रांत झाली की पाया खणायचा आहे. पाटी लागली तर पाया न्हाई, खोल्या न्हाईत, सोयरीकबी न्हाई.

तेव्हा तुझ्या मॅडमला सांग की बहीण तीर्थाला गेली, घराला कुलूप आहे.

लोभ आहेच, पण या पत्रापुरता जरा आखडून धरलाय.

तुझी,
आक्का


इस्तंबूल विमानतळ
२९ सप्टेंबर २०२४

ती. आक्कास,

शि. सा. न. वि. वि. या खेपेला खरोखर खाली वाकून.

तुझं पत्र आलं तेव्हा मला राग आल्ता. मनात म्हणलं, म्हातारीला जगाची कदर न्हाई. चार दिवस तुला उत्तर दिलं न्हाई ते त्याच्यामुळं. आता ऐक.

माझे कान तुला ठाऊक आहेत. देवानं तुझ्या वाटचंबी मलाच दिलं. आन इंग्रजी मला बोलता येत न्हाई, पण सुटे भाग विकणाऱ्यांनी इतकी वर्षं माझ्यासमोर आपसात बोलून बोलून मला समजायला बराबर शिकवलंय. काल बसमध्ये मी डोळे मिटून पडल्तो. मागच्या बाकावर मॅडम जज्जसाहेबांशी इंग्रजीत बोलत होत्या. पुढच्या साली त्या रिटायर होणार. जन्मभर दुसऱ्यांनी खणलेलं लोकांना दाखवत हिंडल्या, स्वतःच्या नावावर एक जागा न्हाई. ही पांढर त्यांची शेवटची संधी. आपल्याकडं येऊन गेल्या की लगेच जागा संरक्षित करायचा प्रस्ताव धाडणार. जज्जसाहेबांनी, ते कधी न्हाई ते जागे असल्यानं, इचारलं की तिथं ऱ्हाणाऱ्यांचं काय. मॅडम म्हणल्या, "म्हातारीला कुठंही हलवता येईल. तो ट्रॉलीवालाच सगळं करून देईल."

ट्रॉलीवाला म्हणल्याचं वाईट न्हाई वाटलं. तोच आहे मी, पाटीवरबी तेच लिहिलंय. पण उद्योजक मित्र म्हणल्या तेव्हा छाती फुगल्ती, तिच्यातली हवा त्या बाकावरच गेली. आन तुला म्हातारी मी मनात म्हणलं तर चालतं, दुसऱ्यानं म्हणलेलं मला खपत न्हाई.

आता अडचण अशी की त्यांच्या सहलीच्या कार्यक्रमात आपलं गाव छापून झालं. मी न्हाई म्हणलो तर त्या कचेरीची माणसं घेऊन सरळ येतील, मंग आपण कुणीच न्हाई. बोलावलं तर निदान यजमान तरी आहोत. काय करू ते कळव. माझं डोकं विमानाच्या सामानात गेलंय.

तुझा लोभ पुन्हा मोकळा सोडावास ही विनंती.

तुझा,
रामकिसन


टेंभुर्णी
६ ऑक्टोबर २०२४

चि. रामकिसन यास,

आक्काचे आशीर्वाद, या खेपेला पूर्ण मापाचे.

येऊ दे त्यांना. पाहुण्याला येऊ नको म्हणायची रीत आपल्यात न्हाई. आन पाहुणे यायचे म्हणजे घर सारवायची रीत आहे. ती मी पाळणार.

मी आन आसराबाई मिळून मागचा कडा वरपासून खालपर्यंत सारवणार. शेण आन पांढरी माती. त्याला गेरूची किनार, मधी स्वस्तिक आन सुस्वागतम. जिथं खापरं उघडी पडलीत तिथं तू मांडव घाल आन खाली हिरवं कारपेट अंथर, पाहुण्यांच्या पायाला काही टोचायला नको. बँडवाले आण, जरा जोरात वाजवणारे. फेटे बांधणारा आण. मॅडमच्या फेट्याला कापड जास्त लागंल, कपाळाखालपर्यंत आला तरी चालंल.

आदर कमी पडला असं कुणी म्हणू नये, येवढीच माझी इच्छा.

लोभ मोकळाच आहे. मांडववाल्याशी बोलून घे.

तुझी,
आक्का


भोकरदन
२३ डिसेंबर २०२४

ती. आक्कास,

शि. सा. न. वि. वि. कालपासून हसून हसून बरगडी दुखतेय, बाकी तब्येत ठीक.

तू घरामागं चुलीपाशी गुंतल्ती आन तुला ऐकूबी येत न्हाई, मी मांडवात, म्हणून माझ्या बाजूचं सांगतो. बस थांबली आन बँड सुरू झाला तो जेवणापर्यंत थांबला न्हाई. मॅडमनी छत्री खाली केली, तोंड उघडलं, आन बँडवाल्यानं नवीन गाणं धरलं. असं तीनदा झालं. त्या जोडप्यानं तुझ्या सारवणापुढं उभं राहून इतके फोटो काढले की इचारू नको, म्हणे याला म्हणतात अस्सल. जज्जसाहेब मांडवात खुर्चीवर झोपले, उठले, तुझ्या कड्याजवळ गेले, स्वस्तिकावरून हात फिरवला आन म्हणले, वा, हजारो वर्षं झाली तरी रंग कसा टिकलाय. आसराबाईच्या हाताला गेरू तसाच होता, ती पदरात तोंड घालून पळाली. सगळ्यांनी माना हलवल्या. एकीनं तर वहीत लिहून घेतलं.

पण एक गोष्ट मला कळली न्हाई. मी पंगतीत वाढत असताना मॅडम छत्री तिथंच टाकून एकट्या तुझ्याकडं मागं गेल्या. पुष्कळ वेळानं आल्या. फेटा हातात, बोटं धुतलेली. पंगतीला बसून भाकरी आन ठेचा खाल्ला, प्रस्तावाचं अवाक्षर न्हाई. बसमध्ये चढताना मला रामकिसनराव म्हणल्या न्हाईत, रामकिसनभाऊ म्हणल्या. काय बोलणं झालं ते ऐकायला मी कान लावल्ता, पण बँडनं माझे कानच नेल्ते. तूच सांग. माझ्यासारख्याला न कळलेलं पचत न्हाई.

माया आहे तशी ऱ्हाऊ दे, तीत आता मांडववाल्याचाबी वाटा धर.

तुझा,
रामकिसन


टेंभुर्णी
२ मार्च २०२५

चि. रामकिसन यास,

आक्काचे अनेक आशीर्वाद. उत्तराला उशीर केला. मुद्दाम केला. खोल्यांचं पक्कं होईस्तोवर तुझ्या कानावर काही घालायचं न्हाई असं ठरवल्तं, कारण तुझे कान जितके चांगले तितकंच तुझं तोंड.

मॅडम मागं आली. कड्यापुढं उभी राह्यली आन सरळ तळहात दाबला. सारवण आतून ओलंच होतं, बोटं भरली. तिनं बोटांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मी हसले. तीबी हसली न्हाई असं न्हाई. मंग म्हणली, "छान सारवलंय हो." मी तांब्यानं तिच्या हातावर पाणी घातलं. तिला सगळं कळल्तं. जज्जसाहेबासारखी न्हाई ती, शिकलेली आहे.

मंग शेळ्यांजवळच्या ओट्यावर बसली आन बोलत राह्यली. मला ऐकू येत न्हाई म्हणूनच बोलली असंल. पण समोरच्याचे ओठ मला वाचता येतात, हे तुला ठाऊक आहे, तिला न्हाई. जन्मभर दुसऱ्यांची घरं दाखवली, म्हणत होती. प्रस्तावाचे कागद पिशवीत आणल्ते, ते न देताच परत न्यावे वाटतात, असंबी म्हणली. आन उठताना पडक्या भिंतीकडं पाहून म्हणली, पाया खणाल तेव्हा मला एक फोन करा, मी एकटी येईन. मी कानाला हात लावून मान हलवली. फोन केला न्हाई. भ्याले, दुसरं काय. कागद परत नेते म्हणली खरी, पण गेलेला कागद पुन्हा येतो.

संक्रांत झाली तसा भारतनं पाया खणला. कमरेइतकं खाली गेल्यावर भिंत लागली. एकेक वीट पाटायेवढी, आन ओळ अशी सरळ की मिस्त्रीनं स्वतःचा ओळंबा दोनदा तपासला. कोपऱ्यात चूल. राख तशीच, बाजूला पालथं घातलेलं मडकं. कुण्या बाईनं घासून पालथं घातलं आन ते घ्यायला परत आलीच न्हाई. मिस्त्री म्हणला, पहारीनं पाडू, वेळ जातो. मी त्या भिंतीवर जाऊन बसले. म्हणलं, यातली एक वीटबी हलली तर तुझी मजुरी न्हाई आन माझं जेवण न्हाई. भारतचं तोंड उतरलं, त्याला वाटलं खोल्या गेल्या. गेल्या न्हाईत. आपली भिंत हातभर बाहेर घेतली, खालचं सगळं वाळूनं भरून झाकलं, आन वर स्लॅब टाकला. खोली जराशी वाकडी झालीय. प्रांजलीचा बाप येऊन पाहून गेला, भिंतीवर थाप मारली आन तारीख धरली. वाकडं त्याच्या ध्यानात आलं, पण मुलाकडच्यांना ध्यानात आलेलं कळू द्यायचं न्हाई इतकी त्याला समज आहे.

झाकायच्या आधी भारतनं सगळ्याचे फोटो काढले, टेप लावून. ते धाडत न्हाई, इथं यावं लागंल.

आता मॅडमला तू फोन कर. बस न्हाई, कचेरी न्हाई, एकटी ये म्हणावं. माझा नवा सैपाकाचा ओटा त्या खालच्या चुलीवरच बराबर आलाय. आली की तिथं बसवून आधी जेवू घालीन, मंग दोन्ही चुली कुठं आहेत ते तिला दाखवीन. लिहायचं ते लिहून घे म्हणावं, नाव तिचं लावायचं असंल तर लावू दे. खणू मात्र देणार न्हाई. त्या घरात आता माणसं ऱ्हातात.

लग्नाला चार दिस आधी या. लोभ इथंच आहे, तो न्यायला यावं लागतं.

तुझी,
आक्का