जाजमावरची कुस्ती

जव्हार,
फाल्गुन शुद्ध पंचमी, शके १८४१

तीर्थस्वरूप दामूदादांच्या चरणी, केस पिकू लागलेल्या बालक अच्युताचा दंडवत.

हे पत्र मी उपड्या घातलेल्या घंगाळावर बसून लिहीत आहे, हे प्रथम नमूद करतो. मी जरा कललो की ते आवाज करते. अक्षर वाकडे दिसल्यास दोष घंगाळाचा, आणि घंगाळावर बसावे लागले याचा दोष फणसे भाऊसाहेबांचा. हे गृहस्थ तुम्ही गाव सोडल्यावर इकडे आले. हल्ली आमच्या क्रीडामंडळाचे चिटणीस आहेत. मागच्या आठवड्यात ते माझी वेताची आरामखुर्ची ‘लोककार्यासाठी’ घेऊन गेले. लोककार्य असे, की त्यांचे ठाण्याचे व्याही बॅडमिंटन बघताना तिच्यात बसणार होते. खुर्ची परत आली, तिच्यातले वेत आले नाहीत. व्याह्यांचा आकार आता मी भोकावरून अचूक सांगू शकतो. तक्रार केली तर म्हणाले, “अच्युतराव, देशासाठी एवढेही सोसवत नाही?” देश नेमका कुठे बसतो, ते मला तेव्हा कळले.

बाकी सर्व क्षेम. यंदा वरई बरी आली. वहिनींच्या गुडघ्यांसाठी करंजाचे तेल गाडीवानाबरोबर पाठवले आहे; रात्री शेकून लावावे, वास सोसावा.

आता मुद्द्याचे. मुद्दा काढायला मला घंगाळावर दोनदा बूड बदलावे लागले.

येत्या पावसाळ्यात बेल्जममध्ये जगातल्या सगळ्या देशांचे सामने भरणार आहेत आणि हिंदुस्थानातून माणसे धाडायची म्हणून पुण्यात जी मंडळी जमली, तीत तुम्ही आहात, हे वर्तमानपत्रातून समजले. भावाचे कुशल वर्तमानपत्रातून समजावे, हीही एक प्रगतीच. तुमचे भाषणही छापले होते. धावणारे धाडावेत, कुस्ती गाळावी. ‘चिखलात लोळणारी उघडी माणसे युरोपास दाखवणे लाजिरवाणे’. फणशांनी ते कात्रण चौकटीत घालून मंडळाच्या भिंतीवर लावले आहे. जाणाऱ्या-येणाऱ्याला दाखवतात, “आपल्याच गावचे दामोदरपंत बरं का!” मला ते पाहून शिसारी आली. तुमची नव्हे. बरे, थोडी तुमचीही.

दादा, ज्या युरोपला मातीची लाज वाटेल अशी तुम्हाला भीती आहे, तो युरोप नुकताच चार वर्षे मातीत खंदक खणून बसला होता, आणि तोही त्याच बेल्जमात. तिथे लोळताना त्यांच्या अंगावर कपडे होते, एवढाच काय तो फरक. आणि त्या लोळण्याच्या शेवटी कोणी कोणाची पाठ झटकून उठवले नाही.

तुमच्या मंडळींनी गावोगाव पत्रे धाडली होती, की लायक पैलवान असल्यास परीक्षा घेऊन कळवावे. आमच्याकडे लायक एकच. पोशेऱ्याचा नवसू. ढवळूचा मुलगा. ढवळू तुम्हाला आठवत असेल किंवा नसेल. तो विषय आत्ता नको.

परीक्षेच्या दिवशी (बॅडमिंटनही त्याच दिवशी होते) मी गेलो तो आखाडाच दिसेना. फणशांनी कुठेसे वाचले, की तिकडे कुस्ती मातीत नाही, मऊ गादीवर होते. गादी कुठून आणणार? तेव्हा कचेरीतले लाल जाजम आणून आखाड्यावर अंथरले. निवाड्याच्या दिवशी ज्यावर पंच बसतात, तेच. ते अंथरले, की पाड्यावरची माणसे वहाणा कोपऱ्यात काढून, काठापासून हातभर मागे उभी राहून बोलतात. तुमच्या लहानपणीही तसेच होते. तिथल्या पोरांना चालायला येण्याआधी ते कळते.

नवसू लंगोट कसून आला आणि काठाशी थांबला.

“ये की रे!” फणसे म्हणाले.

“साहेब, त्यावं पाय ठेवाचा नाय.”

“का? चावते का?”

“माझा बापूस जलमभर त्याचे भायेर हात जोडून उभा राहला. मी त्यावं नागडा नाचू?” मग म्हणाला, “दोन टोपल्या माती आना. मंग कोनाला पन उभा करा, तुमी सोता आला तरी चालंल.”

लोक हसले. फणशांचे कान जाजमाच्या रंगाचे झाले. मी म्हटले, “भाऊसाहेब, जाजम गुंडाळा. खाली मातीच आहे, आणायलाही नको.”

“अच्युतराव, युरोपात माती असते का?”

“नसावी. मेलेल्यांना ते हवेतच पुरत असतील.”

फणशांचा भाचा दुसऱ्या बाजूने जाजमावर चढला, पायांत लोकरीचे मोजे घालून. एकटाच उभा राहिला. फणशांनी घड्याळ काढले, बघितले, मिटले आणि भाचा जिंकल्याचे जाहीर केले. व्याह्यांनी टाळ्या वाजवल्या. कर्र झाले ते तेव्हाच, माझ्या खुर्चीत.

मंडळाचा शेरा तुमच्याकडे निघाला आहे: ‘सदरहू इसम भिऊन पळाला. या मुलखात कुस्तीस लायक मनुष्य नाही. सबब कुस्ती गाळावी या मतास आमचा दुजोरा.’ जिंकलेला भाचाही लायकांत धरलेला नाही, हे लक्षात घ्या. दादा, तो पळाला नाही. संध्याकाळपर्यंत काठाशी बसून होता. गड्यांनी जाजम उचलले, तेव्हा त्यानेच एक टोक धरून घडी घालून दिली. मला तेव्हा जे वाटले, ते सभ्य शब्दांत मावत नाही. त्या जाजमाचा वीट आला, त्या घड्याळाचा, त्या मोज्यांचा, आणि सगळे झाल्यावर सर्वांबरोबर सरबत पिणाऱ्या माझ्या स्वतःचाही.

बॅडमिंटनला माझा विरोध नाही. पण त्याला जाळे लागते, पिसांचे फूल लागते, मुंबईहून पार्सल लागते, आणि बहुधा माझी खुर्ची लागते. कुस्तीला काय लागते? दोन माणसे आणि पायाखाली आधीच असलेली जमीन. ज्या देशाजवळ काही नाही, त्याच्याजवळही कुस्ती आहे. जगाचे सामने भरवायचे आणि तीच काढून टाकायची, म्हणजे सगळ्या गावाला जेवायला बोलावून भात तेवढा वर्ज्य करायचा. मग ज्यांच्या घरी श्रीखंड होते तेच जेवणार, आणि सगळ्या गावाने जेवून ढेकर दिला असे आम्ही लिहिणार. पोशेऱ्याच्या माणसाला जगासमोर उभे राहायला ही एक जागा आहे. तीही तुम्ही त्याच्या पायाखालून काढून घ्यायची म्हणता, आणि वर लाज त्याचीच.

हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणूनच तुमचे भाषण मी तीनदा वाचले. ‘चिखल’ हा शब्द तुमचा नव्हे. आपल्या आखाड्यात कधी चिखल नव्हता. ताक, तेल आणि हळद घालून तुम्हीच ती माती चाळायचात. मला चाळणीला हात लावू देत नव्हतात.

तेव्हा तो नको असलेला विषय काढतोच.

त्या शिमग्याच्या जत्रेत ढवळूने तुम्हाला ढाक डाव लावून पाडले, त्याला वीस-बावीस वर्षे झाली. कुस्ती चोख होती. त्याने तुम्हाला हात देऊन उठवले, तुमच्या पाठीची माती स्वतः झटकली. आपल्याकडचा रिवाज असा, की पडलेल्याने आपल्या हाताने जिंकलेल्याला नारळ द्यायचा. त्याने तो तिथेच फोडून दोघांनी खायचा. तोवर कुस्ती मिटत नाही. नारळ माझ्या हातात होता. तुम्ही माझ्याकडे पाहिले नाहीत. सदरा घातलात आणि तडक घरी गेलात. त्या पावसाळ्यात पुण्याला गेलात ते गेलातच.

ढवळू पुन्हा कोणाशी लढला नाही. पहिली मिटल्याशिवाय दुसरी धरायची नाही, म्हणायचा. बाजाराला आला, की मला ओसरीखालून विचारायचा, “दादा आला का?” मी नाही म्हणायचो. “येल,” म्हणायचा, आणि मीठ घेऊन जायचा. त्यात राग नसायचा, त्यामुळे मला जास्त लाज वाटायची. गेल्या भादव्यात तो वारला. तुम्हाला कळवले नाही. काय म्हणून कळवणार होतो?

काल पोशेऱ्याला गेलो. खळ्याच्या कडेला ढवळूने उकरलेला आखाडा आहे. नवसू त्यातच मेहनत करतो. त्याची आई, मंगळी, दारात होती. माझ्या हातातला नारळ तिने पाहिला. म्हणाली, “दादा नाय आला?”

“नाही. मी आलो.”

“मंग तू भाव ना त्याचा. तुझा हात चालंल.”

मी वहाणा काढून मातीत उतरलो. तुमचे नाव घेतले, आपल्या घराचे घेतले, आणि नारळ नवसूच्या हातात दिला. त्याने तो कपाळाला लावला, ढवळूचे नाव घेतले आणि दगडावर फोडला. पाणी मातीत गेले. एक वाटी त्यांनी ठेवली, एक मला दिली. त्यातला तुकडा तेलाच्या बाटलीशेजारी पुडीत बांधून ठेवला आहे. खवट होण्याआधी खावा.

दादा, तुम्ही आता रीतसर हरलात. कुस्ती मिटली. तिच्यावर डूख धरायला तुमच्याजवळ काही उरले नाही. आता मंडळींत बसाल तेव्हा मोकळ्या मनाने मत द्या, आणि नवसूला एकदा पुण्याला बोलवा. खाली माती असू द्या, एवढेच. तिथे तो पडला, तर नारळ द्यायचे त्याला शिकवावे लागणार नाही.

पडलेल्याच्या बाजूचा, म्हणून तुमचाच,
अच्युत