हिंदा नावाची वरची खोली

मी, लुबना नासिर शेख, वय एकतीस, शिक्षिका, राहणार लातूर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाविना ही माझी इच्छा लिहून ठेवत आहे. मंगळवारी हैदराबादेत माझे ऑपरेशन आहे. डॉक्टर किरकोळ म्हणतात. माझा त्या शब्दावर भरवसा नाही.

१. औशाचा प्लॉट व बँकेतील शिल्लक अम्मी आणि भाऊ यासेर यांनी शरियतप्रमाणे वाटून घ्यावी. शिलाई मशीन अम्मीचेच होते, ते वाटणीत धरू नये.

२. घराची पाटी. मरहूम अब्बा पेंटर होते. भूकंपानंतर किल्लारीकडे पत्र्याच्या शेडांवर नंबर रंगवायला गेले. पाऊस हटत नव्हता. एकदा ऊन पडले तसा मदतीला आलेला वेल्स मुलखातला इंजिनिअर त्याच्या भाषेत ओरडला, "हिंदा!" दुभाष्याने इंग्रजीत "छान हवा" असे सांगितले, तर तो नकारार्थी मान हलवी आणि उघड्या छपरांकडे बोट दाखवी. अब्बा म्हणाले, "अरे, ही तर आपली उघडीप! तेवढ्यात पत्रे ठोकून घ्यायचे." पुढे घर बांधले तेव्हा त्यांनी पाटीवर 'हिंदा' हेच नाव स्वतःच्या हाताने रंगवले.

यासेरने खाली मुलींचे हॉस्टेल काढून ती पाटी उतरवली. "आपा, पालक विचारतात, हिंदा कोण? तुमची फुफी का?" मग तीच पाटी उलटी करून त्यावर लिहिले, 'फक्त रँकर्ससाठी'. अब्बांची अक्षरे भिंतीकडे तोंड करून टांगली! हे मी माफ केलेले नाही.

३. हॉस्टेलमधल्या जळकोटच्या तनुजाचा मेडिकलच्या 'नीट' परीक्षेत नंबर लागला नाही, तर त्याच संध्याकाळी तिची खाट दुसरीला दिली. बाहेर पाऊस. ट्रंकेवर बसून ती म्हणाली, "मॅडम, गावाकडं कोणत्या तोंडानं जाऊ?" यासेर म्हणतो, "आपा, हा धंदा हाय, यतीमखाना न्हाई." यावर माझ्या मनात आलेले शब्द मृत्युपत्रात शोभणार नाहीत.

४. म्हणून माझ्या पगारातून बांधलेली, माझ्या नावावरची वरची खोली तनुजाला विनाभाडे वापरायला द्यावी. परीक्षा पुन्हा देणार का, हे तिला कोणीही विचारू नये. ती गेल्यावर नंबर न लागलेली दुसरी मुलगी यावी. पाटी सुलटी करून याच खोलीच्या दारावर लावावी.

खोली माझ्या मालमत्तेच्या एक तृतीयांशात बसते. वकिलांकडून दोनदा तपासून घेतले. त्यामुळे यासेर, तुझ्या संमतीची कायद्याने गरज नाही. तरी तुझ्या सहीसाठी खाली जागा सोडली आहे.

लातूर, ११ ऑगस्ट २०१९
लिहून देणार : लुबना नासिर शेख (सही)
साक्षीदार : श्रीमंत बसवराज बिरादार (सही), गौसिया आसिफ पटेल (सही)

यासेर नासिर शेख : ______________