दहा मिनिटांची नोंद

सोमवार, दिनांक चौदा
भट्टीची खोली, दुपारी दोन वाजून पाच मिनिटे

अखिलकाचपट्टिकासाम्राज्ञी, विषवायुगळतीदर्शिनी, छत्तीस कर्मचाऱ्यांची पोशिंदी, विद्यापीठाच्या माहितीपत्रकाच्या मुखपृष्ठावर सलग तीन वर्षे सुहास्यमुद्रेने विराजमान, माजी संशोधिका, विद्यमान कारखानदारीण, आणि या समस्त पदव्यांच्या पूर्वीपासून आमची धाकटी बहीण, हिच्या सेवेशी; संशोधन केंद्राचे भट्टीपाल, नोंदवहीरक्षक, बावीस चाव्यांचे आजन्म विश्वस्त आणि तुझे थोरले बंधू यांचा सप्रेम आशीर्वाद.

इकडील सर्व कुशल आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा पूर्ववत दुखत आहे, तक्रारही पूर्ववत आहे, त्यामुळे चिंतेचे कारण नाही. माझा रक्तदाब डॉक्टरांच्या मते वाढला आहे. माझ्या मते तो डॉक्टरांना पाहूनच वाढतो. फोनवर बोलता आले असते, असे तू म्हणशील. फोनवर मी विनोद करतो आणि तू हसतेस, आणि मुद्दा तेवढ्यात सटकतो. म्हणून कागद.

गेल्या आठवड्यात केंद्रात पाहुणे आले होते. संचालकांनी त्यांना भिंतीवरचा तो सुप्रसिद्ध तक्ता दाखवला: डाव्या चौकोनात संशोधन, उजव्या चौकोनात उद्योग, आणि मध्ये एक लठ्ठ निळा बाण. ज्या यंत्रांची किंमत ऐकून नवउद्योजकास घेरी येते ती आम्ही तासाच्या भाड्याने वापरू देतो, विद्यार्थ्यांचा हात त्यांवर बसतो, आणि त्यांतलेच काही बाहेर पडून कारखाने काढतात, असे निरूपण झाले. उदाहरण अर्थातच तुझे. यात असत्य काही नाही. या इमारतीतून निघालेल्या पाच कंपन्यांपैकी तीन हयात आहेत, हे प्रमाण इतरत्र हेवा करण्यासारखे आहे. केवळ एक तपशील त्या तक्त्यात राहून गेला. तो बाण माझ्या भट्टीतून जातो, आणि माझी भट्टी माझ्या जेवणाच्या सुट्टीतून जाते.

ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा सांगणे हा थोरल्या भावांचा छंदच असल्याने, आधी तुझीच कृती तुला ऐकवतो. काचेच्या पट्टीवर लेप द्यावा, भट्टीत भाजावा, भट्टी बंद करावी, दहा मिनिटांनी पट्ट्या बाहेर काढाव्यात, मग दुसरा लेप. खाणीत विषारी वायू सुटला की त्या लेपातून वाहणारी वीज बदलते आणि घंटा वाजते. तू येथे होतीस त्या आठ वर्षांत शंभरांतल्या पंचाण्णव पट्ट्या टिकल्या. तुझ्या कारखान्यात शंभरांतल्या आठ टिकतात. शिवाय भेग तत्काळ पडत नाही, तिसऱ्या दिवशी पडते, त्यामुळे आरोपी सापडत नाही. तू काच बदललीस, पावडर बदललीस, पाणीसुद्धा बदललेस. महिनाअखेरीस खाणवाले दोनशे पट्ट्या तपासणार आणि त्या फुटल्या तर मागणी रद्द करणार. मग कारखान्याला कुलूप. हे सर्व तू त्या बैठकीत, येथेच वरच्या मजल्यावर, अगदी शांतपणे सांगितलेस. तू शांतपणे बोललीस की मला भीती वाटते, लहानपणापासून.

त्या बैठकीत तुझ्या कंपनीतली ती जाड चष्म्याची अभियंता मुलगी माझ्याकडे वळली. सगळे संचालकांशी बोलत होते, ती माझ्याशी बोलली. म्हणाली, "काका, लिहिलंय त्याच्यापेक्षा वेगळं असं हाताने काही करता का तुम्ही? अगदी बारीकसं?"

मी म्हणालो, "नाही."

आणि तू लगेच म्हणालीस, "दादाच्या नोंदवहीवर मी डोळे मिटून कारखाना उभा केलाय. चूक आमच्याकडेच असणार."

त्यावर मी बिस्कीट खाल्ले. प्रसंगास शोभेल असे दुसरे काही सुचले नाही.

त्या क्षणी मला उत्तर माहीत होते असे म्हणणे खोटे ठरेल. माहीत नव्हते असे म्हणणे त्याहून खोटे ठरेल. 

पुढे गेल्या बुधवारी तुझा फोन आला. वहिनीच्या गुडघ्याची चौकशी झाली, आणि फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "भट्टीवरच्या माणसाला घरी पाठवलं. रोज दहा मिनिटं पाळली म्हणतो, वही दाखवतो. पण पाळत नसणार. दादा, तुझ्यासारखा माणूस मला मिळत नाही बघ."

मी काहीतरी विनोद केला. तू हसलीस. त्या रात्री मला जेवण गेले नाही. माझा देह पाहता ही घटना इतिहासात नोंदवण्याजोगी आहे.

आता ऐक. भट्टी रोज सकाळभर तापते आणि साडेबाराच्या सुमारास बंद करायची वेळ येते. साडेबारा ही जेवणाची वेळ आहे. गेली कित्येक वर्षे मी भट्टी बंद करतो, दार न उघडता डबा घेऊन शेजारच्या भांडारात जातो, जेवतो, आणि यंत्रांच्या खोक्यांतून निघालेल्या स्पंजावर वामकुक्षी करतो. दीड वाजता उठतो, पट्ट्या काढतो आणि नोंदवहीत सुवाच्य अक्षरात लिहितो: दहा मिनिटे. कारण कृतीत दहा मिनिटे असे तूच लिहिले होतेस, आणि माझ्या झोपेचा तपशील विज्ञानास उपयोगी पडेल अशी मला कल्पना नव्हती. तुला दिसले नाही, कारण त्या वेळी तू उपाहारगृहात असायचीस. आणि भट्टीच्या खोलीत संशोधकांनी येऊ नये असा नियम मीच करून ठेवला होता. सुरक्षिततेसाठी, असे मी सांगत असे. कोणाची सुरक्षितता, हे कोणी विचारले नाही.

मी पट्ट्यांची दोन ताटे भाजली. पहिले गुरुवारी भाजून खरोखर दहा मिनिटांनी काढले, घड्याळ हातात धरून, आयुष्यात प्रथमच. दुसऱ्या दिवशी दुसरे भाजले, आणि ते तासभर दाराआड निवू दिले. त्या तासात मी झोपलो नाही, हेही आयुष्यात प्रथमच. दोन्हींवर दुसरा लेप दिला आणि वाट पाहिली. आज सकाळी भिंग घेऊन बसलो. पहिल्या ताटातल्या वीस पट्ट्यांपैकी अठरांना भेगा. दुसऱ्यातल्या वीसपैकी एकीलाही नाही. लेपाला सावकाश निवायला वेळ लागत होता, आणि तो वेळ त्याला माझ्या आळसाने दिला. तुझे संशोधन बरोबर होते. त्यातला एक आकडा चुकीचा होता, आणि तो दुरुस्त होण्याची प्रत्येक संधी मी माझ्या सुंदर हस्ताक्षराने हाणून पाडली.

तुला आपल्या जुन्या घरातली स्वयंपाकघराची चौकट आठवते का? दर वर्षी मी तुझी उंची पेन्सिलीने मांडत असे. तू सात वर्षांची असताना एका वर्षात काहीच वाढली नव्हतीस आणि रडण्याच्या बेतात होतीस, म्हणून मी रेघ दोन बोटे वर मारली. तू शाळेत सगळ्यांना सांगत सुटलीस. पुढच्या वर्षी ती खोटी रेघ गाठेपर्यंत माझा जीव टांगणीला लागला होता. ही माझी पहिली नोंद. तेव्हापासून तू माझ्या रेघेवर विश्वास ठेवत आली आहेस, आणि मी तुला कधी थांबवले नाही, कारण ते मला फार आवडत असे.

सोबत गुरुवारची आणि शुक्रवारची खरी नोंद जोडली आहे. वेळा मिनिटांत आहेत, खाडाखोड नाही. त्या चष्म्याच्या मुलीला दे. तिने योग्य प्रश्न योग्य माणसाला विचारला होता. उत्तर देणारा अयोग्य निघाला. महिनाअखेरीस अजून सोळा दिवस आहेत. दर ताटाला तासभर दिला तर दोनशे पट्ट्या भाजून, तीन दिवस थांबून, तपासूनही वेळ उरतो. मी दोनदा मोजले आहे.

परंतु भट्टी पेटवण्याआधी एक काम कर. त्या माणसाला परत बोलाव. निरोप पाठवून नव्हे, त्याच्या घरी जाऊन. त्याने दहा मिनिटे पाळली. त्याची वही खरी होती आणि माझी खोटी होती, हे त्याच्या घरच्यांसमोर सांग, आणि माझे नाव घेऊन सांग. तुला जमणार नसेल तर मला पत्ता दे, मी जातो.

संचालकांना आज सकाळीच सर्व लेखी दिले. त्यांनी वाचले, चष्मा पुसला, पुन्हा वाचले. मग म्हणाले, "म्हणजे बाकीच्या कंपन्यांच्या नोंदीही तुमच्याच हातच्या?" मी हो म्हणालो. त्या सर्व आता पुन्हा तपासायच्या आहेत, आणि तोवर नोंदवही दुसऱ्याच्या हाती राहील. चाव्या माझ्याकडे आहेत. माहितीपत्रकाचे पुढचे मुखपृष्ठ कोणाचे, हा विषय निघाला नाही.

तू मला तुझ्या कारखान्यात बोलावले होतेस तेव्हा विद्येची सेवा सोडून येणार नाही, असे मी बाणेदारपणे म्हणालो होतो. तुझ्याकडे जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची आहे, हे खरे कारण होते. तू रागावली होतीस ते योग्य होते, फक्त कारण चुकीचे होते. आता योग्य कारण पाठवतो आहे.

उत्तर लगेच लिहू नकोस. हवा तेवढा वेळ घे. किती घेतलास तेही खरे सांगू नकोस, माझ्याने ऐकवणार नाही.

तुझा,
ज्याची रेघ दोन बोटे वर होती तो,
दादा

ता. क. संचालकांचा नवा लेखी आदेश आत्ताच हाती पडला. भट्टी निवेपर्यंत मी तिच्यासमोरून हलायचे नाही. त्याच आदेशाच्या दुसऱ्या कलमात भट्टीच्या खोलीत डबा उघडण्यास सक्त मनाई आहे. भट्टी साडेबाराला बंद होते, दीडला निवते, आणि दीडला दुसऱ्या लेपाचे यंत्र सुरू होते, ते पाचपर्यंत. मी जेवायचे कधी, हे दोन्ही कलमे चारदा वाचूनही मला सापडलेले नाही, आणि लिपिकास विचारले तर तो स्वतःच जेवायला गेला आहे.