खोलीबाहेरचा उपचार

ब्वेनोस आयरेस,
३ जून १९९६

ती. आइदे आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. त्याच पत्रात तू हाडांच्या डॉक्टरच्या पाच चुका काढल्या आहेस, म्हणजे तू अगदी ठणठणीत आहेस.

आता माझी बातमी. शुक्रवारी १२ जुलैला हॉस्पिटलच्या सभेत मला माझी एक केस मांडायची आहे. समोर सगळे मुरलेले मनोविश्लेषक, आणि विभागप्रमुख म्हणून तुझाच जुना विद्यार्थी, डॉ. साबाला. त्यांनी मला स्वच्छ सांगितलंय की माझी पद्धत सभेला पटली नाही, तर मंगळवार-गुरुवारची खोली काढून घेतली जाईल. म्हणजे माझे बारा रुग्ण वाऱ्यावर, आणि त्यांच्या मागोमाग मीही. 

केस एका बसचालकाची आहे. त्याला रुबेन म्हणू या, खरं नाव वेगळं. एकोणीस वर्षं शहरात बस चालवली, कुणाला ओरखडा नाही. दोन वर्षांपूर्वी एक म्हातारे गृहस्थ एकाएकी बससमोर आले आणि जागीच गेले. पोलीस म्हणाले तुझी चूक नाही, कंपनीही तेच म्हणाली. पण तेव्हापासून स्टिअरिंगला हात लावला की याचे हात बधिर होतात. माझ्या आधी एका मनोविश्लेषकाकडे वर्षभर कोचावर पडून वडिलांविषयी बोलला. वडील पुरते समजले, बस मात्र चालेना.

गेल्या मंगळवारी मी त्याच्याबरोबर डेपोत गेले. उभ्या बसमध्ये तो चालकाच्या जागेवर बसला, मी मागच्या सीटवर. वीस मिनिटं बसलो. नंतर त्याची बायको घरून येर्बाचा कडू चहा करून घेऊन आली आणि आम्ही तिघांनी एकाच नळीनं आळीपाळीनं प्यायला. हे दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगितलेलं बरं, म्हणून लिहिलं.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ग्रिसेल

-

रोसारियो,
१० जून १९९६

चि. ग्रिसेल हिस,
अ. उ. आशीर्वाद. सुरुवातीलाच देऊन टाकते, शेवटापर्यंत द्यावेसे वाटतील याची खात्री नाही.

डोकं ठिकाणावर आहे का तुझं? रुग्णाबरोबर येर्बा? त्याच्या बायकोनं केलेली? एका नळीनं? अगं, चाळीस वर्षांत मी रुग्णाच्या हातचं पाणीसुद्धा प्यायले नाही. एकीनं एकदा स्वतः भाजलेला केक आणला होता. आम्ही तीन आठवडे त्या केकचा अर्थ लावत बसलो, शेवटी त्याला बुरशी आली. रस्त्यात समोरून रुग्ण येताना दिसला तर मी पलीकडच्या फुटपाथवर जाते. आणि तू डेपोत! आता पुढच्या महिन्यात त्याच्या मेव्हणीच्या लग्नात नाचून ये म्हणजे झालं.

तू ज्याला मोठ्या तोंडानं एकात्मिक मानसोपचार म्हणतेस ना, त्याला मी पुचेरो म्हणते. घरात होतं नव्हतं ते एका पातेल्यात. थोडं माझ्याकडचं बालपण, थोडा कुणा दुसऱ्याकडचा श्वास, थोडा शाळेसारखा गृहपाठ, आणि वरून बायको. ज्याला एक काम नीट येत नाही तो चार कामं करतो असं मला नेहमी वाटत आलंय. कडू लागेल तुला, पण मी गोड बोलणारी आत्या कधीच नव्हते.

साबालाचा फोन आला होता. माझ्या भाचीच्या या प्रकाराबद्दल माझं मत काय, असं अगदी अदबीनं विचारत होता. सभेआधी लेखी कळवीन असं मी त्याला सांगितलंय. तू नात्यातली म्हणून मी एक अक्षरही बदलणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.

एक विचारायचं राहिलं. तो तुझा बसवाला हातांबद्दल नेमकं काय म्हणाला? त्याचेच शब्द लिहून पाठव. सहज विचारतेय.

थंडी वाढलीय, गळ्याला गुंडाळत जा. चिडलेली असले तरी माया आहे तिथेच आहे.

आइदे आत्या

-

ब्वेनोस आयरेस,
२० जून १९९६

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग केकवर हसले, मग पुन्हा रडले. आता उत्तर लिहिते.

पुचेरो म्हणालीस ते मला मान्य आहे. पण तुझ्याच स्वयंपाकघरात मी पुचेरो करायला शिकले. तू काय शिकवलंस? मांस आधी, गाजर नंतर, बटाटा त्याच्याही नंतर, आणि भोपळा अगदी शेवटी, नाहीतर सगळ्याचा लगदा होतो. मी तेच करते. रुबेन आला तेव्हा त्याला झोप नव्हती आणि छाती धडधडायची, म्हणून आधी नुसता श्वास आणि झोप. तो जरा स्थिर झाल्यावर आम्ही अपघाताकडे वळलो, पुन्हा पुन्हा, तो दमेपर्यंत. तेव्हा कुठे त्याच्या वडिलांचा विषय निघाला, आणि इथे मी जे केलं ते सगळं तुझ्याकडचं आहे. वडील त्याला लहानपणी म्हणायचे की तू ज्याला हात लावशील ते मोडशील. त्यानंतर बायको, कारण ती भीतीपोटी त्याला बसच्या रस्त्यानं चालूसुद्धा देत नव्हती. आणि हे सगळं झाल्यावर डेपो. पहिल्या दिवशी डेपोत नेलं असतं तर तू मला फाडून खाल्लं असतंस आणि ते बरोबरच झालं असतं.

हातांबद्दल विचारलंस. तो म्हणाला होता की हे हात माझे नाहीतच, कुणीतरी मला वापरायला दिलेत आणि आता परत मागतंय.

साबालांना लिहायचं असेल ते लिही. माझ्यासाठी खोटं लिही असं मी म्हणणार नाही, आणि म्हटलं तरी तू लिहिणार नाहीस. पण आत्या, आई गेल्यावर नऊ वर्षांची मी तुझ्या दवाखान्याच्या बंद दाराबाहेर बसून गणितं सोडवायचे. आतून रडण्याचा आवाज यायचा, आणि तासाभरानं तेच माणूस बाहेर येऊन माझे केस विस्कटून, ताठ चालत जायचं. त्या दाराआड काहीतरी फार मोठं घडतंय आणि ते माझी आत्या करतेय, याचा मला केवढा तोरा होता! शाळेत सगळ्यांना सांगत सुटायचे. त्या दाराशी मी बेइमानी केलीय असं तुला वाटत असेल, तर मला खोलीपेक्षा त्याचं जास्त दुःख होईल.

पुढच्या आठवड्यात रुबेन रिकामी बस डेपोतल्या डेपोत फिरवणार आहे. प्रवासी घेऊन कधी, ते त्याचं तो ठरवेल.

माया तिथेच राहू दे.

ग्रिसेल

-

ब्वेनोस आयरेस,
१३ जुलै १९९६

ती. आत्यास,
सा. न., आणि एक घट्ट मिठी.

कुठून सुरुवात करू? क्रमानं सांगते. बुधवारी संध्याकाळी रुबेनचा फोन आला. त्यानं सकाळच्या पाळीत पूर्ण फेरी केली, प्रवाशांनी भरलेली बस घेऊन, जाऊन-येऊन. अपघात झाला त्या कोपऱ्यावर हात थोडे कापले, त्यानं श्वास सोडला, वेग कमी केला आणि पुढे गेला. मी विचारलं की मला आधी का नाही सांगितलंत, मी आले असते. तर म्हणाला की तुमची गरज वाटली नाही, डॉक्टर, माफ करा. आत्या, माझी गरज वाटली नाही म्हणे! एवढं मोठं बक्षीस मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

काल सभा झाली. खोलीत पस्तीसेक माणसं होती. मी चाळीस मिनिटं बोलले. मग सुरू झालं. एक बाई म्हणाल्या की याला उपचार नाही, ड्रायव्हिंगचा क्लास म्हणतात, आणि सगळे हसले. एका वृद्ध गृहस्थांनी येर्बावरून मला चांगलंच सोलून काढलं. बुधवारच्या फेरीचं सांगितलं तर म्हणाले की लक्षण गेलं म्हणजे माणूस बरा झाला असं नव्हे. मी उत्तरं दिली, पण कुणाला पटलेली दिसली नाहीत.

तेवढ्यात साबालांनी खिशातून पाकीट काढलं. पाकिटावर तुझी नेहमीची जांभळी शाई दिसली. आता संपलं, असंच वाटलं. त्यांनी ते उभं राहून वाचलं.

तू काय लिहिलंस ते तुला पुन्हा सांगायला नको, पण माझ्या हातानं एकदा लिहू दे. १९७१ साली तुझ्याकडे रोसारियोच्या बंदरावरचा एक क्रेनचालक यायचा. त्याच्या क्रेनमधून ओझं सुटून त्याचा सोबती गेला होता, आणि त्यानंतर दांड्याला हात लावला की हात बधिर व्हायचे. हे हात आपले नाहीत असं तोही म्हणायचा. तू चार वर्षं त्याला अर्थ समजावलास, त्याला सगळा समजला, आणि तो पुन्हा कधीच क्रेनवर चढला नाही. क्रेन तुझ्या खिडकीतून दिसायची, चालत दहा मिनिटांवर, पण खोलीबाहेर पडायचं तुझ्या मनातसुद्धा आलं नाही. तो आता हयात नाही. आणि शेवटची ओळ, की जे मला जमलं नाही ते माझ्या भाचीनं केलंय, आणि तिची खोली काढायची असेल तर आधी तुमच्या हॉस्पिटलच्या भिंतीवरचा माझा फोटो काढा.

 हसणाऱ्या बाई चष्मा पुसत होत्या. साबालांनी पत्राची घडी घातली आणि म्हणाले की खोली राहील, आणि ऑगस्टपासून नव्या डॉक्टरांना मी दर बुधवारी ही पद्धत शिकवावी. मी बाथरूममध्ये जाऊन हुंदके देऊन रडले.

तुझ्या विद्यार्थ्यांनी भरलेल्या खोलीत तू स्वतःची हार वाचायला दिलीस, माझ्यासाठी. माझ्यात असं धाडस कधी येईल की नाही कोण जाणे. हे तू मला आजवर का सांगितलं नाहीस?

तुझीच, मान ताठ करून,
ग्रिसेल

-

रोसारियो,
२२ जुलै १९९६

चि. ग्रिसेल हिस,
अ. उ. आशीर्वाद. या खेपेस शेवटपर्यंत पुरतील.

का सांगितलं नाही म्हणून विचारतेस. लाज वाटत होती, दुसरं काय! तुझ्या पत्रात हातांचं ते वाक्य वाचलं आणि मी चुलीवरचं दूध उतू जाईपर्यंत तशीच बसून राहिले. पंचवीस वर्षांनी तोच माणूस दारात आल्यासारखं वाटलं. साबालाला लिहायला मला तीन दिवस लागले. फोटो काढा ही ओळ मात्र एका झटक्यात आली. तो फोटो तसाही वाईटच आहे.

तुझी बातमी मी औषधवाल्याला सांगितली, बेकरीत सांगितली, आणि हाडांच्या डॉक्टरलाही सांगितली. तो म्हणाला की बाई, तुम्ही कुणाची तारीफ करताना मी पहिल्यांदाच ऐकतोय.

परवा आणखी एक केलं. काठी घेऊन बंदराजवळच्या वस्तीत गेले आणि त्या क्रेनचालकाच्या बायकोचं दार वाजवलं. एल्बा तिचं नाव. तिनं मला लगेच ओळखलं. मी माफी मागायला गेले होते, पण तीच बोलत राहिली. म्हणाली की तो चार वर्षं दर सोमवारी यायचा तो तुमच्यासाठी. बाई एवढ्या मन लावून समजावतात, मध्येच सोडलं तर त्यांना वाईट वाटेल, असं म्हणायचा आणि स्वच्छ शर्ट घालून निघायचा. त्याला फक्त क्रेनवर परत जायचं होतं. ते मला सांगायचं त्याला कधी जमलं नाही, कारण तुम्हाला काय हवंय असं मी त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

 मी तिला म्हटलं की माझी एक भाची आहे ब्वेनोस आयरेसला, ती विचारते. मग मी तिला तुझं सगळं सांगितलं, रुबेनचं नाव न घेता. एल्बा डोळे पुसत म्हणाली की मग हे तिला तुम्हीच शिकवलं असणार.

मी म्हटलं, नाही. उभ्या आयुष्यात इतक्या अभिमानानं मी नाही म्हटलं नव्हतं.

लोभ आहे, आणि तो तुझ्यावरच आहे.

आइदे आत्या