आधी कोणाच्या पाया पडायचं

१२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळी ११.२०
वेळ मुद्दाम लिहिली. अनसिंगला थोरल्या बहिणीकडे, धापूजीजीकडे, मुलीकडचे लोक घर पाहायला आले होते. जीजीच्या नातवाचं, श्रेयांसचं जमतंय. जीजी आणि मी शेजारी उभ्या. मुलीच्या काकूनं तिला कोपरानं ढोसलं, म्हणाली, चेतना, आधी मोठ्या आजीच्या पाया पड. मुलगी थेट माझ्याकडे.
जीजी माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. चौथी शिकलेली, जन्म चुलीपुढे गेला, पण उभी खांबासारखी. मी कॉन्व्हेंटची, सरकारी कचेरीतून सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त. मुलीला चष्मा आहे आणि घरच्यांनी तो लपवलाय.
१६ फेब्रुवारीला साखरपुडा. त्या दिवशी ती आधी जीजीच्या पाया पडेल. ठरलं.

१५ जानेवारी
वाशिममध्ये स्नेहा नावाची मुलगी पाठीचा क्लास घेते. हळूहळू हालचाल करायची, शरीराकडे लक्ष द्यायचं, म्हणजे पाठ आपोआप पूर्वीसारखी होते म्हणे. बाकीच्या बायका अर्धी भरलेली पोती. स्नेहा मला म्हणाली, चंदनाकाकू, ताठ नका होऊ, सैल सोडा, पाठीला तिची जागा सापडू द्या. मी सांगितलं, माझी पाठ हरवलेली नाही.

१८ जानेवारी
आज संथ चालायचं होतं. मी सगळ्यांत आधी पोचले.

२३ जानेवारी
घरी नवऱ्याला, चांदमलजींना विचारलं, फरक दिसतो का. पेपरातून डोकं न काढता म्हणाले, लय फरक दिसून राह्यला. निःपक्ष साक्ष.

३० जानेवारी
स्नेहानं सगळ्यांचे बाजूनं फोटो काढले. माझ्या फोटोत कोणी भलतीच बाई आली आहे, साडी माझी. मोबाइल वाकडा धरला असणार. मागची भिंत तेवढी सरळ आली.

४ फेब्रुवारी
क्लास सोडला. श्वास कसा घ्यायचा हे मला बावीस वर्षांची पोर शिकवणार? शिवाय जे यायचं ते आलं आहे. आता घरीच, सवड मिळेल तशी.

११ फेब्रुवारी
सवड नाही.

१६ फेब्रुवारी, दुपारी २
जिंकले. जीजी काठी टेकत बाहेर आली. पार वाकलेली, हनुवटी छातीला. महिन्याभरात काय अवस्था झाली. चेतना तिच्या पाया आधी पडली, मग माझ्या. काकूनं तर मला मावशी म्हटलं. जीजीसाठी वाईट वाटलं, आणि जेवण फार चांगलं गेलं. दोन वेळा वाढून घेतलं. स्नेहाला कळवायला हवं, पण कशाला, श्रेय घेईल.

त्याच दिवशी, संध्याकाळी
पाहुणे गेले. निघण्याआधी जीजीला काठीबद्दल दोन समजुतीचे शब्द सांगावे म्हणून मागच्या दारी गेले. दार लोटलेलं. आत स्वयंपाकाची गोजराबाई म्हणत होती, गेले ना पाव्हणे, आता तरी सरळ व्हा वं माय. जीजी म्हणाली, थांब, चंदना आंगणातच हाय, तिनं पाह्यलं तं पुन्हा महिनाभर जेवाची नाही. दिवसभर वाकून माही पाठ मोडून राह्यली. गोजराबाईनं विचारलं, पण इतकं बराबर वाकणं शिकल्या कुठं? जीजी हसली. म्हणे, शिकाले काय लागते, चंदना समोरच तं उभी होती.
मग मोठी कढई दोन्ही हातांनी उचलून फळीवर ठेवल्याचा आवाज आला. ती फळी माझ्या डोक्याच्या वर आहे.
निरोप न घेता निघाले.

१७ फेब्रुवारी, सोमवार
रात्री अंथरुणाला पाठ लागली नाही, उताणं झोपता येत नाही म्हणून. त्याचा कालच्या प्रकाराशी संबंध नाही.
धापूबाईंना पुढीलप्रमाणे कळवायचं. आपण दि. १६ रोजी भर समारंभात, प्रकृती ठणठणीत असताना, वाकून वावरलात. काठी कोणाची? हे करायला आपणास कोणी सांगितलं? वाकण्याचा नमुना नक्की कोणत्या व्यक्तीवरून घेतला, त्या व्यक्तीचं नाव, आणि ती व्यक्ती त्या वेळी खरोखर वाकलेली होती याला साक्षीदार कोण?
खुलासा शुक्रवार, २१ फेब्रुवारी, सायंकाळी पाचच्या आत. लेखीच हवा. चौथीपर्यंत शिकल्यात, तेवढं पुरतं. समोर येऊन सांगू नये. उभ्यानं तर मुळीच नाही.