कागद थांबतो तेव्हा

मंगळवार, ५ मार्च १९५७, शिकागो

प्रयोगशाळेच्या कालच्या नोंदीत मी लिहिलं, ‘झेनेक दुपारी २.१० ते २.२० शांत झोपला होता.’ ते चूक आहे. मी पाहिलंच नाही. कागद वाचवायला झोपेच्या रेघा काढणारं यंत्र दहा मिनिटं चालवायचं, दहा मिनिटं बंद ठेवायचं आणि मधल्या वेळेपुढे आधीचीच अवस्था लिहायची, अशी इथली पद्धत. सगळे असंच करतात, म्हणाले इथले प्रमुख डॉ. ऑल्ड्रिच.

बाकी नोकरीचा पहिला दिवस छान गेला. आमच्या घरात पांढरा कोट पहिल्यांदाच आला. आईने त्याला दोनदा इस्त्री केली. प्रयोगाला दिवसा झोपणारा माणूस हवा होता, म्हणून माझ्या भावाचं, झेनेकचं नाव मीच सुचवलं. तो कत्तलखान्यात रात्रपाळीला असतो. डोक्याला, डोळ्यांच्या कडांना, छातीला तारा चिकटवल्या तर म्हणतो, “प्रोफेसरीणबाई, आम्ही गाईलासुद्धा एवढं नटवत नाही हं!”

यंत्राच्या, डोळ्यांची हालचाल टिपणाऱ्या लेखण्या जोरात हलल्या की स्वप्न सुरू. मग मी घंटा वाजवायची, काय दिसलं ते विचारायचं. त्याला कुरण दिसलं, पलीकडे एक फाटक.

गुरुवार, ७ मार्च

आज मधल्या वेळेतही यंत्र चालू ठेवलं. न विचारता. डॉक्टरांना उद्या सांगेन.

२.१० ला सगळ्या लेखण्यांच्या रेघा सरळ झाल्या. छातीच्या ठोक्यांचीसुद्धा. धावत आत गेले. मनगट गार, नाडी नाही. ओरडणार, तेवढ्यात बाहेर लेखण्या पुन्हा खरखरू लागल्या.

उठल्यावर त्याने सांगितलं, फाटकाशी एक माणूस होता. तू परत कसा जातोस, विचारत होता. “मी म्हटलं, घंटा वाजली की जातो.”

शुक्रवार, ८ मार्च

डॉक्टरांना कागद दाखवला. तार सुटली असेल, म्हणाले.

आज रेघा सरळ होताच घाबरून मी घंटा वाजवली. झेनेक उठून बसला. हसला. पाणी मागितलं. रेघा सरळच होत्या. तारा तीनदा तपासल्या, घट्ट होत्या.

संध्याकाळी घरी त्याने सॉसेज खाल्लं. ईस्टरआधीच्या उपवासांतला शुक्रवार, मांस वर्ज्य! आई कडाडली, “लाज आहे का रे? तुझा बाप उपाशी राहिला, पण शुक्रवार मोडला नाही त्याने!” त्याने मला हळूच विचारलं, शुक्रवारी काय असतं?

सोमवार, ११ मार्च

घरी तो झोपत नाही. खुर्चीत बसून असतो.

प्रयोगशाळेत आडवा झाला, की पाच-सहा मिनिटं लेखण्या धडधडतात. तेवढा वेळ तो झेनेकच असतो. आज झोपेत माझं नाव घेऊन पुटपुटला — लुदका, घंटा नको, तो माणूस टपलाय, मी फाटकापर्यंत पोचलोय, जरा वेळ —

मी वाजवली नाही. डॉक्टर आत आले. त्यांनी वाजवली.

रेघा सरळ.

बुधवार, १३ मार्च

डॉक्टरांना सगळं सांगितलं. जरा झोप घे, म्हणाले. तारा नीट बसत नाहीत म्हणून झेनेकला प्रयोगातून काढून टाकणार. परवा शेवटची झोप. त्यानंतर तो कधी आडवा होणारच नाही —

परवा दुपारी डॉक्टर बैठकीला जातात. दाराला आतून कडी घालीन. घंटेची तार कापीन. झेनेक आपणहून फाटक ओलांडून परत येईपर्यंत झोपू देईन, कितीही वेळ —

तो खुर्चीतून उठलाय. काय लिहितेस, विचारतोय.

शुक्रवार, १५ मार्च, दुपारी दोन — कडी घातली, तार कापली; पण तो आडवा होत नाही, वही मागतोय —